ज्याच्या हातचा डॅमेज

माय,

आज एक पीस परत आला. मोरपंखी साडी, पदराला खड्यांची नक्षी आणि मधोमध डिंकाचा रुपयाएवढा डाग. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरींमधली सगळ्यात नवी जी आहे, तिच्या हातून झालेलं काम. ती डाग नखाने खरवडत उभी होती आणि मी तिला म्हणाले, "जेना हाथनुं डॅमेज, एना घेर." ज्याच्या हातचा डॅमेज, त्याच्याच घरी. शब्द साड्यांचे गठ्ठे टाकून जाणाऱ्या आपल्या गठ्ठेवाल्याचे, गुजराती, पण आवाज तुझा होता. पोरगी रडली. मला तिची दया आली नाही, राग आला, आणि तो राग तिच्यावरचा नव्हता एवढं मला कळत होतं. म्हणून सगळ्यांना आज लवकर घरी पाठवलं आणि तुला लिहायला बसले.

तुला इंग्रजीतले मोजके शब्द यायचे आणि त्यातल्या एका शब्दावर तू अख्खा संसार चालवलास. साडी म्हणजे पीस. साडीला जोडून येणारं ब्लाउजचं कापड म्हणजेही पीस. बाजारातून किलोवर आणलेल्या चिंध्या म्हणजे कटपीस, ज्यांचे आमचे परकर व्हायचे. मार्केटमधून नमुना आला की सॅम्पल पीस, आणि त्याला आम्ही हात लावायचा नाही. मजुरी मिळायची तीही पीसवर. आम्ही शाळेतून आलो की तू कधी विचारलं नाहीस, भूक लागली का, काय शिकवलं. खाली मान घालून टिकल्या चिकटवता चिकटवता विचारायचीस, "किती पीस व्हयनात?" म्हणजे सकाळी शाळेत जायच्या आधी किती झाले होते. शेजारच्या खोलीतली बाई जरा नटून बाहेर पडली की तू म्हणायचीस, हा एक नंबर पीस आहे. बापाला मागाच्या खात्यातला मुकादम शिव्या द्यायचा, तर तो मुकादम एक पीस. देवळातल्या पुजाऱ्यापासून रेशनच्या दुकानदारापर्यंत सुरतेतल्या आपल्या सगळ्या गोडादऱ्यात तुला माणूस म्हणून कुणी भेटलंच नाही बहुतेक.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा बाईंनी फळ्यावर तो शब्द लिहिला. पीस ऑफ चॉक, पीस ऑफ पेपर. मी हात वर करून सांगितलं, पीस म्हणजे साडी. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, साडी नव्हे गं, पीस म्हणजे तुकडा. कशाचा तरी तुटलेला, कापलेला भाग. पुढे मराठीच्या तासाला मोराचं पीस आलं, तेव्हा मला वाटलं हा काहीतरी वेगळाच, हलका शब्द असणार, कारण आपल्या घरात त्या जातीचं काही नव्हतं. पण तुकडा मात्र डोक्यात बसला. त्या दिवशी घरी आले तर तू कुणाला तरी दारात आम्हा दोघी बहिणींबद्दल सांगत होतीस, "मना दोन पीस. एक फ्रेश, एक डॅमेज." समोरची बाई हसली आणि तूही हसलीस. मी दप्तर खुंटीला अडकवलं आणि कामाला बसले. तेव्हापासून मला कायम ठाऊक होतं की आपल्या घरातला कोणता तुकडा मी आहे.

डॅमेजचा कायदा तू मला लहानपणीच शिकवलास, तो मान्य करायला हवा. मार्केटचा माणूस सकाळी साड्यांचा गठ्ठा टाकून जायचा आणि काम झालेला गठ्ठा घेऊन जायचा. न्यायच्या आधी ट्यूबलाईटखाली एकेक साडी उलगडून बघायचा. कुठे डिंक सांडलेला, कुठे कात्री लागलेली, कुठे स्टोव्हची ठिणगी पडून भोक पडलेलं, असं काही दिसलं की तो ती साडी बाजूला काढून तुझ्या पायाशी ठेवायचा. "बेन, आ पीस नहीं चाले. जेना हाथनुं डॅमेज, एना घेर." त्या साडीची पूर्ण किंमत तुझ्या मजुरीतून कापली जायची आणि साडी तुझी व्हायची. म्हणूनच तुझ्याकडे इतक्या झगमगीत साड्या होत्या. हळदीकुंकवाला जाताना तू डाग निरीच्या आत जाईल अशी घडी घालायचीस, आणि बायका म्हणायच्या, गठ्ठ्याचं काम करणारी बाई पण नेसते कशी बघा शेठाणीसारखी. निरीच्या आत काय आहे ते फक्त आम्हाला माहीत असायचं. आणि एखादा डॅमेज गठ्ठेवाल्याच्या नजरेतून सुटून मार्केटला गेलाच, तर दोन दिवसांनी तो हमखास दारात परत यायचा. फ्रेश पीस गेला की गेला. डॅमेज पीस परत येतो.

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याबद्दल आपण दोघी एकमेकींशी कधीच बोललो नाही. मी शाळेतसुद्धा जात नव्हते तेव्हा. स्टोव्ह विटेवर ठेवलेला, वीट डुगडुगती, वर वरणाचं पातेलं. तुझ्या एका बाजूला पोपटी साड्यांचा तयार गठ्ठा, दुसऱ्या बाजूला मी. पातेलं कललं. मला तुझे हात दिसतात, माय. इतक्या लहान पोराला काय आठवणार असं लोक म्हणतात, पण मला तुझे दोन्ही हात दिसतात, आणि त्या दोन्ही हातांत तो गठ्ठा आहे, छातीशी धरलेला, उंच उचललेला. साड्यांवर एक थेंब पडला नाही. वरण माझ्या डाव्या गालावरून मानेवर आणि मानेवरून खांद्यावर आलं. दवाखान्यात तू सांगितलंस, "पोरनी पातेलं ओढं." शेजारी हेच सांगितलंस, बापाला हेच सांगितलंस, गावाकडे आजीला पण. मी ओढलं. इतक्या वेळा सांगितलंस की आजी मला जवळ घेऊन म्हणायची, असं ओढू नये बेटा पातेलं. मी मान डोलवायची. जो कायदा साडीला होता तो मला नव्हता, आणि हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

धाकटी माझ्यानंतरची, आणि देवाने सगळं राखून ठेवलेलं तिच्यासाठी काढलं होतं. रंग, केस, नाक. कोपऱ्यावर पानाच्या गादीपाशी उभी असलेली पोरं तिला बघून म्हणायची, काय पीस आहे. ती रडत घरी आली तर तू तिचं तोंड धरून उजेडाकडे वळवलंस आणि बघत राहिलीस, गठ्ठेवाला बघायचा तशी. म्हणालीस, "खोटं काय बोलनात ते?" काय खोटं बोलले ते! आईने असं बोलावं का, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि लगेच दुसरा आला, की कोपऱ्यावरची ती पोरं माझ्याकडे बघून काहीच का म्हणत नाहीत. त्या घरात माणूस किती खाली जातो ते बघ. शिवीसुद्धा वाटणीला आली नाही म्हणून मी धाकटीवर जळले.

प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पळून गेलेली माणसं परत आली होती, मागाची खाती पुन्हा सुरू झाली होती आणि अडकलेली लग्नं धडाधड उरकत होती. चलथाणच्या साखर कारखान्यावरचं एक घर धाकटीला बघायला यायचं ठरलं. आपल्याच खानदेशातले लोक. दोन भाऊ, दोघेही बिनलग्नाचे. मोठा कारखान्यात कामाला, त्याचं कुठे जमत नव्हतं. धाकटा टेम्पो चालवायचा, त्याने कुठल्याशा लग्नात आपल्या धाकटीला बघितलेलं. आदल्या दिवशी साड्यांचे धागे कापता कापता तू मला तुझी युक्ती सांगितलीस. मार्केटमध्ये साड्या सेटमध्ये विकतात. आठ रंगांचा सेट असतो, त्यात पाच रंग चालणारे आणि तीन मेलेले, आणि घेणाऱ्याने मेलेल्या रंगांसकट सगळा घ्यायचा. त्याने फार घासाघीस केली तर शेठ तोंड वाकडं करून सेट फोडतो, आणि फोडल्याची किंमत वसूल करतो. तू म्हणालीस, उद्या आपण म्हणायचं, दोघी बहिणी दोघा भावांना, एकाच मांडवात. ते नाही म्हणतील. मग मी म्हणेन, बरं, सेट फोडते, पण मग मांडव तुमचा आणि जेवण तुमचं. मी कात्री खाली ठेवली. तुला वाटलं मी घाबरले. तू म्हणालीस, "तुले देवानी नहीच. नुसतं म्हनानं शे."

नुसतं म्हणायचं आहे. मला द्यायचीच नाही. हे तू मला धीर देण्यासाठी सांगितलंस, आणि अजूनही मला वाटतं की त्या क्षणी तू खरोखर मला धीरच देत होतीस. तुझ्या मायेची जात तीच होती.

दुसऱ्या दिवशी ते आले. दोघे भाऊ, त्यांची आई आणि एक म्हातारा काका, जो पूर्ण वेळ बिडी पीत होता. बाप रातपाळी करून आलेला. त्याला तू आंघोळ करायला लावून भिंतीला टेकवून बसवलंस आणि तो बसल्या बसल्या पेंगत होता. धाकटीला तू मधोमध बसवलंस, ट्यूबलाईटखाली. दिवसाउजेडी ट्यूब लावलीस. मला म्हणालीस, "भितकडे तोंड कर," आणि मी डावा गाल भिंतीकडे करून कोपऱ्यात बसले, साडीची घडी जशी डाग आत घालून ठेवतात तशी. चहा झाला. त्यांच्या आईने धाकटीला चालायला लावलं, वाचायला लावलं, केस सोडायला लावले. मग म्हणाली, "लहानी आमले पसंद शे."

तू म्हणालीस, "मना सेट शे बाई. सेट फुटाव नही."

तुझ्या बोलण्यात काय आहे हे तिला लगेच कळलं. सुरतेत राहणाऱ्या बाईला सेट म्हणजे काय हे कुणी सांगायला लागत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तिला इकडे तोंड करायला सांगा. तू काही बोलायच्या आत मी वळले. का वळले ते मला ठाऊक नाही, बहुतेक तुझा सौदा लवकर संपावा म्हणून. काकाने बिडी विझवली. धाकटा भाऊ छताकडे बघायला लागला. मोठा मात्र माझ्याकडे बघत राहिला, गालाकडे, मानेकडे, सरळ. मला त्या नजरेची सवय नव्हती, लोक एकदा बघतात आणि मग दुसरीकडे बघून बोलतात. त्याने पाणी मागितलं. मी तांब्या-पेला घेऊन गेले, तेव्हा पेला हातात घेऊन त्याने हळूच विचारलं, "आते दुखस का?"

आता दुखतं का. एवढंच. मी नाही म्हणाले. थंडीत ओढल्यासारखं होतं, असंही सांगितलं. तो म्हणाला, तेल लावत जा. आणि पाणी प्यायला. माय, त्या वयापर्यंत मला लोकांनी खूप काही विचारलं होतं, कसं भाजलं, कुणाची चूक, डॉक्टर काय म्हणाला, लग्नाचं काय. दुखतं का हे कुणी विचारलं नव्हतं. तू नाही, बाप नाही, मला जवळ घेणाऱ्या आजीनेही नाही. मी कोपऱ्यात परत येऊन बसले तेव्हा भिंतीकडे तोंड करायचं विसरले. आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं की सेट फुटू नये.

तू तुझ्या तालात होतीस. त्यांची आई म्हणत होती, मोठीचं नंतर बघू. तू म्हणत होतीस, नंतर नाही. ती म्हणाली, पोरीत खोट आहे. तू म्हणालीस, म्हणून तर सेटमध्ये देते, सुटी कोण घेणार. मी समोर बसलेली असताना म्हणालीस. तुझा चेहरा खुलला होता, गठ्ठेवाल्याशी भांडताना खुलायचा तसा, आणि मी ओळखलं की आता पुढच्या वाक्याला तू उसासा टाकून सेट फोडणार आणि मांडवाचं बोलणार. तेवढ्यात मोठा आपल्या आईच्या कानाशी वाकला. दोघं काहीतरी बोलली. मग त्यांची आई पदर सावरून म्हणाली, "मोठा हाव म्हणी ऱ्हायना. द्या मंग दोन्ही."

तुझं तोंड बघण्यासारखं झालं. मी तुझ्याकडेच बघत होते म्हणून मला माहीत आहे. शेठने मेलेला रंग गळ्यात मारायला काढावा आणि घेणाऱ्याने तोच पसंत म्हणावा, तसं झालं. जागा झालेला बाप म्हणाला, "दी टाक ना मंग." आयुष्यभर त्या माणसाने घरात एवढं एकच शहाणपणाचं वाक्य उच्चारलं. तू म्हणालीस, "तुम्ही चूप बठा." मला तुझा हिशोब समोर दिसत होता. धाकटी चार टिकल्या चिकटवून आरशात बघायची. गठ्ठे मी उपसायचे. दोघी गेल्या तर सकाळी येणारा गठ्ठा कुणाच्या पुढ्यात पडणार होता?

मग तू बोललीस. त्यांच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. "नही बाई. ती नही. मना हातघाई डॅमेज व्हयेल पीस शे तो. मनाच घर ऱ्हाई."

माझ्या हातून डॅमेज झालेला पीस आहे, माझ्याच घरी राहील. धाकटीने चमकून वर पाहिलं. बापाने पाहिलं. पातेलं मी ओढलं नव्हतं, हे त्या घरात पहिल्यांदा आणि शेवटचं मोठ्याने बोललं गेलं, आणि ते माझ्या सुटकेच्या बरोबर आड टाकायला बोललं गेलं. इतकी वर्षं मी त्या कबुलीची वाट बघत होते. मला वाटायचं, तू कधीतरी मला जवळ घेऊन सांगशील. तू सांगितलंस ते असं, परक्यांच्या समोर, दार लावून घेताना कडी घालावी तसं. तुला वाटलं असेल, आपण आपला गुन्हा पदरात घेतला. घेतलास खरा, शिक्षा मात्र मी भोगली.

त्यांची आई चक्रावली, पण तिला तिच्या धाकट्याची काळजी होती. मांडव त्यांचा ठरला, जेवण त्यांचं ठरलं. जाताना मोठ्याने रिकामा पेला स्वतः उचलून मोरीपाशी नेऊन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. का बघावं? ज्या घराने घडीत विचार बदलला त्या घराकडे शहाणा माणूस बघत नाही. ते गेल्यावर धाकटी माझ्या गळ्यात पडायला आली, तिला मी ढकललं. आणि तुला विचारलं, माय, असं का केलंस? तू ट्यूबलाईट बंद करत होतीस, बिल येतं म्हणून. म्हणालीस, "किती पीस बाकी शेतस?"

धाकटी चलथाणला गेली आणि सुखी झाली, त्याबद्दल मला आता वाईट वाटत नाही. तेव्हा वाटायचं. तिच्या जेठाचं, म्हणजे त्या मोठ्या भावाचं, पुढे बारडोलीकडच्या एका मुलीशी झालं. धाकटी माहेरपणाला यायची तेव्हा मी काही विचारायची नाही, आणि ती शहाणी, आपणहून सांगायची, जेठ कुणाशी फार बोलत नाही, बायकोला कारखान्यावर जायच्या आधी पाणी तापवून देतो. तुझ्यासमोर सांगायची. तू ऐकल्यासारखं दाखवायची नाहीस, पण टिकली चिकटवायचा तुझा हात थांबायचा, आणि तो थांबलेला बघून मला बरं वाटायचं. तेवढं सुख मी त्या दिवसांतून काढून घेत राहिले.

मग तुझी डावी बाजू गेली. एका सकाळी उठलीस ती तोंड वाकडं होऊनच. माझ्या मनात आलंच, हीसुद्धा डावीच. तुला आम्ही खोलीच्या मधोमध खाटेवर ठेवलं, जागाच तेवढी होती, आणि तुझ्याभोवती मी गठ्ठे उपसत बसायची. गठ्ठेवाल्याने एकदा तुझी तब्येत विचारली, "बा ने केम छे?" मी त्याला म्हणाले, डॅमेज. तो हसला. तुला ऐकू येत होतं, तुझे कान शेवटपर्यंत चांगले होते. तुझ्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, साडीवर डाग पडेल म्हणून फक्त खाटेजवळचा गठ्ठा सरकवला. दोन्ही हातांनी उचलला.

तुला वरण-भात भरवायची मी. वरण गरम असायचं, ते मी वाटीत ओतून फुंकत बसायची. प्रत्येक घासाला तू माझ्या हाताकडे बघायचीस. चमचा जवळ येताना मान मागे घ्यायचीस, जेवढी हलायची तेवढी. तुला भीती वाटायची, माय. मला ते कळायचं, आणि मी मुद्दाम वाटी तुझ्या मानेच्या वर, थोडी जास्तच वेळ धरून ठेवायची. कधी एक थेंबसुद्धा सांडला नाही. सांडायचाही नव्हता. नुसतं धरायचं होतं.

तू गेलीस तेव्हा बाप होता, म्हणून तू सवाशीण गेलीस, आणि शेजारच्या बायका म्हणाल्या, नशीबवान, हिरवी साडी नेसून जाते. मामा गावाहून निघालेला, त्याच्या साडीची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. मी मार्केटला गेले. पहिल्यांदाच साडी घ्यायला गेले, द्यायला नाही. हिरवा पीस निवडला, जरीकाठाचा, फ्रेश. घरी आणून ट्यूबलाईटखाली उलगडला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासला. तू शिकवलंस तसा, आधी सुलट, मग उलट, मग उजेडासमोर धरून. दारात बायका खोळंबल्या होत्या. एक म्हणाली, अगं, जाळायच्या साडीला कोण एवढं बघतं? धाकटी रडत होती, तिला वाटलं मी मायेने बघते आहे. तिने पुढे सगळ्यांना तसंच सांगितलं, आणि अजून सांगते. पण तुला खरं काय ते माहीत असायला हवं. मी एवढ्यासाठी बघत होते की त्या साडीत कुठे एक तार सुटलेली नसावी, एक डाग नसावा, काही म्हणजे काही नसावं. डॅमेज पीस परत येतो. तू परत यायला नको होतीस.

हे पत्र कुठे पाठवणार? तुला तसंही वाचता येत नव्हतं, म्हणून तर इतकं मोकळं लिहिता आलं. आता घडी घालून ठेवून देते. उद्या त्या पोरीला तिची मोरपंखी साडी मला परत आणून द्यायला सांगेन, डाग खड्याने झाकता येतो, मला येतो झाकता. आणि एक राहिलं. त्या हिरव्या साडीला जोडून ब्लाउजचा पीस होता. तुझ्या अंगावर साडी घालायच्या आधी मी तो कापून घेतला, फ्रेश पीसला कात्री लावली ती मीच. मेलेल्या माणसाला ब्लाउज लागत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या मापाचा शिवला, गळा जरा मोठा ठेवून, मानेला लागू नये म्हणून. आता काखेत बसत नाही, दोनदा उसवून सैल केला. आज तोच घातला आहे.